उभ्या गाडीचे ऑइल

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत अशी घरे वाड्यावाड्यावर सापडतात, जिथे गाडी आहे पण ती चालवणारा वर्षाचे सात-आठ महिने घरी नसतो. कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणी मुंबई-पुण्याला नोकरीत. गाडी पोर्चमध्ये कव्हराखाली उभी आणि चावी शेजारच्या मुलाकडे. त्याला एवढेच सांगून ठेवलेले असते, "दर रविवारी पाच मिनिटे चालू करून ठेव रे, बॅटरी उतरायला नको." चवथीला मालक घरी येतो, गाडी सुरू होते, सगळ्यांना बरे वाटते. मग गॅरेजमध्ये विषय निघतो तेव्हा हिशेब होतो तो किलोमीटरचा. वर्षभरात गाडी जेमतेम हजार-बाराशे किलोमीटर चालली, ऑइल दहा हजारांवर बदलायचे, मग आत्ताच कशाला पैसे घालायचे?

या हिशेबात मोजमापच चुकीचे धरले आहे. ऑइल खराब होते ते चाकांच्या फेऱ्यांनी नाही. इंजिन किती वेळा गार सुरू झाले, पुरते तापायच्या आत किती वेळा बंद झाले आणि मळलेले ऑइल आत किती महिने पडून राहिले, यावर त्याचे आयुष्य ठरते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल वर्षातून एकदा बदललेच पाहिजे, मीटरवर आकडा काहीही असो. आणि आपल्या भागात ते बदलायची खरी वेळ मे महिना आहे, मिरग लागायच्या आधी. दर रविवारची ती पाच मिनिटे तर बंदच करावीत. हे तिन्ही का, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ते एकदा कळले की आपल्या गाडीला काय लागू पडते हे ज्याचे त्याला ठरवता येते.

पेट्रोल जळते तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी तयार होते. त्याचे प्रमाण पहिल्यांदा ऐकताना खरे वाटत नाही: एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. हायवेवर इंजिन तापलेले असताना हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. सकाळी गार गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून जे थेंब ठिबकतात ते हेच पाणी. पण सगळी वाफ सायलेन्सरकडे जात नाही. पिस्टनला रिंगा असतात, त्या कितीही चांगल्या असल्या तरी प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू त्यांच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे जिथे ऑइल साठते तिथे, उतरतोच. त्या वायूत वाफ असते, न जळलेले पेट्रोल असते, काजळी असते आणि पुढे आम्ल होऊ शकणारी नायट्रोजनची संयुगे असतात.

इंजिन गरम असेल तर ही वाफ आणि पेट्रोल ऑइलमध्ये टिकत नाही. पीसीव्ही नावाची एक छोटी झडप ते खेचून घेते आणि पुन्हा जळायला वरच्या बाजूला पाठवते. इंजिन गार असेल तर त्याच वाफेला थंड धातू भेटतो. भाताच्या टोपाच्या झाकणाला आतून पाणी धरते, तसे ते इंजिनाच्या वरच्या कव्हराला आतून धरते आणि ओघळून ऑइलमध्ये उतरते.

जुन्या गाड्यांत ही झडप नसे. चेंबरमधून एक नळी खाली रस्त्याकडे उघडी सोडलेली असे आणि गाडी बऱ्यापैकी वेगात असली तरच वाऱ्याच्या ओढीने आतला वायू बाहेर पडे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना पाण्यातून नेताना ही उघडी नळी अडचणीची ठरली, तेव्हा बंद नळीची पद्धत वापरात आली. पुढे १९६१ पासून कॅलिफोर्नियात हवेचे प्रदूषण रोखण्यासाठी ती नव्या गाड्यांत बसू लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगीज अमलात गोव्यात उतरलेली एखादी परदेशी गाडी कोणी अजून जपून ठेवली असेल, तर तिच्या इंजिनाला स्वतःची ओल बाहेर टाकायचे साधन फारसे नाही, हे मालकाने ध्यानात ठेवावे. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या अशा गाडीला ताज्या ऑइलची गरज घरातल्या नव्या गाडीपेक्षा जास्त असते.

आता पाच मिनिटांचा हिशेब करू. लहान पेट्रोल गाडी उभ्या जागी तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल घेते. म्हणजे पाच मिनिटांत साठेक मिलिलिटर, आणि इंजिन गार असताना त्याहून थोडे जास्तच, कारण गार इंजिनाला सुरू राहण्यासाठी पेट्रोल जास्त सोडावे लागते. तेवढ्या पेट्रोलचे तेवढेच पाणी झाले. त्यातले बरेचसे सायलेन्सरमध्ये राहते आणि तो आतून गंजतो. चेंबरमध्ये उतरणारा वाटा लहान असतो खरा, पण तो बाहेर पडायला इंजिन तापतच नाही, त्यामुळे पुढच्या रविवारी त्यात भर पडते. चार महिन्यांत अशा सतरा-अठरा भरी. वर, स्टार्टरने जी बॅटरी खर्च केली तिची भरपाईसुद्धा पाच मिनिटांच्या धीम्या चालण्यात नीट होत नाही. ज्या कारणासाठी शेजाऱ्याच्या मुलाला कामाला लावले तेही साधत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले, असे आपण धरतो. तो काटा पाण्याचा, म्हणजे कूलंटचा असतो. ऑइलला तापायला त्याहून बराच वेळ लागतो. काटा पाच-सहा मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑइल ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत जायला रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात, आणि आतली ओल उडायला त्यापुढे आणखी थोडा वेळ. बहुतेक लहान गाड्यांत ऑइलचे तापमान दाखवणारा काटाच नसतो, त्यामुळे ही गोष्ट चालवणाऱ्याच्या नजरेला कधी येत नाही. उभ्या जागी तर ऑइल कितीतरी सावकाश तापते, इंजिनावर भारच नसतो ना.

म्हणूनच छोट्या फेऱ्यांची गाडी आणि उभी गाडी यांचे दुखणे एकच आहे. घरातून डिचोली बाजारात, बाजारातून घरी. वाड्यावरून पेडणे स्टेशनवर पाहुण्याला सोडायचे आणि परत. ५ जानेवारी २०२३ ला मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली तेव्हापासून पेडण्याच्या आसपासच्या गावांतल्या गाड्यांना आणखी एक छोटी फेरी मिळाली. या सगळ्या फेऱ्या इंजिनाच्या दृष्टीने अर्धवट आहेत. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वारंवार केलेले छोटे प्रवास 'खडतर वापर' या सदरात घातलेले असतात, घाटरस्ता आणि धूळ यांच्याच रांगेत. बहुतेक मालक ते पान उघडून बघत नाहीत, कारण गावातल्या गावात हळू फिरवलेल्या गाडीला खडतर वापर म्हणावे असे कोणाच्या मनातच येत नाही.

पाणी आणि पेट्रोल मिसळल्याने ऑइल पातळ होते, हा एक भाग. पेट्रोल ऑइलमध्ये उतरते हे काही कागदावरचे भय नाही. २०१८ मध्ये चीनच्या थंड प्रांतांत होंडाच्या सीआर-व्ही गाड्यांत ऑइलची पातळी आपोआप वाढू लागली. थंडीत केलेल्या छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल चेंबरमध्ये साठत होते. तिथे त्या गाडीची विक्री काही काळ थांबवावी लागली. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे इतक्या टोकाला प्रकरण जाणार नाही, पण दिशा तीच असते.

दुसरा भाग आम्लाचा, आणि उभ्या गाडीच्या बाबतीत मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्यातले ऑइल म्हणजे नुसते तेल नसते. त्यात पंधरा ते पंचवीस टक्के वाटा वेगवेगळ्या पूरक द्रव्यांचा असतो: काजळी तरंगत ठेवणारी, गंज रोखणारी, फेस मोडणारी, घर्षण सोसणारी. त्यांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची क्षारधर्मी द्रव्ये असतात, त्यांचे काम आम्ल मारणे. प्रत्येक आम्लाबरोबर ती थोडी थोडी खर्ची पडतात आणि एकदा संपली की वरून दुसरी काही भर पडत नाही. पूर्वी मुख्य शत्रू पेट्रोलमधले गंधक होते. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरली. हा मोठाच फायदा झाला, आणि जुन्या गाड्यांच्या काळातला दर सहा महिन्यांचा कडक नियम आज प्रत्येक गाडीला लावायची गरज उरली नाही, हे मान्य केले पाहिजे. पण ज्वालेच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून होणारी संयुगे आहेतच, अर्धवट जळालेल्या इंधनाची सेंद्रिय आम्लेही आहेत. ती पाण्यात विरघळतात. इंजिन रोज तापत असेल तर पाणी उडते आणि आम्लाला वाव मिळत नाही. उभ्या इंजिनात आम्लट ओल बेअरिंगच्या मऊ धातूला लागून महिनोन्महिने बसून राहते.

इथेनॉलने यात एक पदर वाढवला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते सिलिंडरच्या भिंतीवर ओलेच राहण्याचा संभव अधिक. शिवाय ते पाण्याशी लगेच मिसळते आणि ऑइलशी धड मिसळत नाही. ओल असलेल्या ऑइलमध्ये ते उतरले की पिवळट-पांढऱ्या लोण्यासारखा थर धरायला मदत होते. टाकीतही तेच: अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतून इथेनॉल ओल ओढून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला जागाच उरत नाही.

आता आपल्या हवेकडे वळू, कारण या विषयावर बाहेरून येणारा बहुतेक सल्ला बर्फाच्या देशांतला आहे. तिथे गाडी हिवाळ्यात झोपवतात, म्हणून ऑइल शरदात बदला असे सांगतात. आपला हिवाळा गाडीला सुखाचा. आपला झोपायचा ऋतू पावसाळा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, डोंगराच्या कडेला त्याहूनही जास्त. हवेतली ओल आठवडेच्या आठवडे नव्वद टक्क्यांच्या घरात असते. मोरजी-मांद्र्यापासून हरमल-केरीपर्यंतच्या किनारपट्टीला त्यात समुद्राचा खारा वारा. गेटच्या कड्या एका पावसात तांबूस होतात, तिथे कव्हराखालच्या इंजिनाला वेगळी हवा कुठून मिळणार? इंजिन हा काही हवाबंद डबा नाही. गार होताना ते थोडी हवा आत घेते, तापताना सोडते. बंद इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल हळूहळू खाली निथळून जाते, थर विरळ होतो आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर तांबूस डाग धरू लागतात. ताज्या ऑइलमधली गंजरोधक द्रव्ये हा थर जास्त दिवस राखतात. वर्षभर वापरलेल्या ऑइलमध्ये ती दमलेली असतात आणि वर आम्ल जमलेले असते.

म्हणून बदल उभी करण्याच्या आधी करायचा. आपल्याकडे नेमके उलट होते. पावसाळा गाडीने जुन्या ऑइलवर काढायचा आणि चवथीला किंवा दिवाळीला सर्व्हिसिंग करून नवे ऑइल भरायचे. म्हणजे सर्वांत वाईट चार महिने इंजिन सर्वांत वाईट ऑइलमध्ये भिजत ठेवले आणि कोरड्या, सोप्या ऋतूसाठी नवे ऑइल दिले. त्याच पैशांत, तेवढ्याच वेळा, फक्त महिना बदलून कितीतरी जास्त संरक्षण मिळते. मे महिन्यात ऑइल आणि फिल्टर बदला, मग गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा म्हणजे नवे ऑइल सगळीकडे पोचेल, आणि मग कव्हर घाला.

डिचोली तालुक्याने उभ्या इंजिनांचे फार मोठे उदाहरण पाहिले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले लोहखनिजाचे काम थांबवले. त्या दिवसांपर्यंत साखळी, मये, मुळगाव, शिरगाव, पाळी, वेळगे या भागांतल्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक मुंगीला वाट देत नसत. ते जागच्या जागी उभे राहिले. घरासमोर, शेताच्या कडेला, पडीक जागेत. मधे काही काळ काम सुरू झाले, मार्च २०१८ पासून पुन्हा थांबले. ट्रकवाल्यांवर काय ओढवले तो वेगळा आणि जास्त दुखरा विषय आहे. यंत्राच्या बाजूने सांगायचे तर ते ट्रक कोणी ठरवून, तयारी करून उभे केले नव्हते. काम आज थांबले, उद्या सुरू होईल या आशेवर ते जसेच्या तसे ठेवले गेले, चेंबरमध्ये धुळीने आणि काजळीने भरलेले कामाचे ऑइल तसेच. एवढ्या पावसाळ्यांत अशा इंजिनात काय होते ते कोणताही डिझेल मेस्त्री सांगेल: रिंगा खोबणीत चिकटतात, सिलिंडरला गंजाची कडी धरते, बेअरिंगवर खड्डे पडतात. जो माणूस सहा महिन्यांसाठी जहाजावर चालला आहे त्याला निदान परतीची तारीख माहीत असते. त्याला तयारी करता येते.

डिचोलीच्या खाण पट्ट्यात २०२४ पासून काम पुन्हा सुरू झाले, त्यामुळे खनिजवाहतुकीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना धुळीचाही विचार करावा लागेल. धूळ एअर फिल्टरमधून निसटली की थेट ऑइलमध्ये येते आणि तिथे ती पॉलिश पेपरचे काम करते. अशा घरची गाडी कमी चालत असली तरी एअर फिल्टर दर काही महिन्यांनी काढून उजेडात धरून पाहावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि घरीच होते.

तर मग नेमके किती वेळा? भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची पुस्तिका दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असे सांगते. कमी चालणाऱ्या गाडीला यातला दुसरा अर्धा भाग लागू होतो, आणि तो पुरेसा आहे. आठवड्या-पंधरवड्याने एकदा जरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालत असेल, तर वर्षाला दोन हजार किलोमीटर झाले काय नि चार हजार झाले काय, एकदाच बदल करा आणि निर्धास्त राहा. सहा महिन्यांनी पुन्हा बदला म्हणून कोणी आग्रह केला तर अशा गाडीसाठी तो खर्च मला पटत नाही. पण गाडीच्या सगळ्याच फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्या असतील, लांबची एकही नसेल, किंवा इंजिन लहान टर्बो पेट्रोल असेल, तर मे आणि नोव्हेंबर असे दोनदा बदलणे शहाणपणाचे. सहा-नऊ महिने बंद राहणाऱ्या गाडीला बंद करण्याआधी एकदा. परत आल्यावर वर्ष उलटले नसेल आणि तपासणीत काही वावगे दिसले नाही, तर ते ऑइल तसेच वापरायला हरकत नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र पुस्तिकेतली तारीख पाळायचीच आणि बिल जपून ठेवायचे.

सिंथेटिक ऑइल घातले तर दोन-तीन वर्षे बघायला नको, असे पुष्कळांना वाटते. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकते, लवकर ऑक्सिडाइझ होत नाही, हे खरे. पण पाणी आणि पेट्रोल त्यातही तसेच उतरते, आम्ल त्यातही तसेच जमते. युरोपात फोक्सवॅगनच्या काही गाड्यांना विशिष्ट ऑइलवर दोन वर्षांपर्यंत मुभा असते. तीच कंपनी भारतात एक वर्षाची मर्यादा घालते. तिथले रस्ते, इंधन आणि प्रवासाची लांबी वेगळी, म्हणून आकडा वेगळा. आपण आपल्याकडचा पाळावा. सीलबंद डब्यातले ऑइल मात्र सावलीत चार-पाच वर्षे सहज टिकते. कपाटातला डबा आणि इंजिनातले ऑइल यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

डिझेल गाडीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरला की संगणक सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडून धूर तापवतो आणि आतली काजळी जाळतो. याला सलग वीसेक मिनिटांचे चांगल्या वेगातले चालणे लागते. छोट्या फेऱ्यांत हे काम सुरू होते आणि मधेच इंजिन बंद होते. सोडलेल्या जादा डिझेलपैकी काही भिंतीवरून घसरून ऑइलमध्ये जाते. असे वारंवार झाले की ऑइलची पातळी वर चढते. ऑइल कमी झाले की सगळे घाबरतात, पण वाढलेले दिसले तर मालक खूश होतो, "बघा, एक थेंब खाल्ला नाही." वरच्या खुणेच्या पुढे गेलेले ऑइल म्हणजे पातळ झालेले ऑइल. ते तारखेची वाट न बघता बदलायचे. ज्याची गाडी गावातल्या गावातच फिरणार आहे त्याने नवी घेताना डिझेल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी घरी करता येते. सकाळी गार इंजिनावर, सपाट जागी, ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून बघा. रंग काळा आहे म्हणून ऑइल संपले असे नाही. काजळी तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे, आणि डिझेलमध्ये तर ते काही शे किलोमीटरांतच काळे होते. बघायचे ते वेगळेच. पट्टी नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा उग्र वास येतो का? पट्टीच्या वरच्या कोरड्या भागावर गंजाचे ठिपके किंवा पाण्याचे बारीक थेंब आहेत का? मग ऑइल भरायचे झाकण उघडून आतली बाजू बोटाने पुसा. दुधाळ, पिवळट लोणी लागले तर आत पाणी साठते आहे. घाबरण्याआधी कूलंटच्या बाटलीची पातळी पाहा. कूलंट कमी होत असेल तर हेडचे गॅस्केट गेल्याची शंका, गाडी चालवू नका, मेस्त्रीला बोलवा. कूलंट जागच्या जागी असेल तर ही अर्धवट तापण्याची ओल आहे. गाडी तासभर चांगली चालवून आणा आणि झाकण पुन्हा बघा, थर बराच गेलेला असेल. तो पुन्हा पुन्हा येत असेल तर ऑइल बदला. आणखी खात्री हवी असेल तर मेस्त्री पूर्वी करायचे ती परीक्षा आहे: तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा. शुद्ध ऑइल गुपचूप पसरून धुरावते, पाणी असलेले तडतडते. हे घराबाहेर, डोळे सांभाळून करावे, आणि स्वयंपाकाचा तवा त्यासाठी अजिबात घेऊ नये.

ऑइल बदलताना गाडी आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून यावे. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट निघते, गार ऑइल चेंबरच्या तळाला बराच मळ सोडून जाते. खालचा ड्रेन नट सोडल्यावर धार थांबली तरी ठिबक संपेपर्यंत थांबा. लहान गाडीत तीन-साडेतीन लिटर ऑइल असते आणि त्यातला पाव-एक लिटर जुन्या फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून "गाडी चाललीच नाही, फिल्टर राहू दे" हा सल्ला ऐकू नये. नटाखालचा वॉशर नवा घाला. ग्रेड पुस्तिकेत असेल तोच, ५डब्ल्यू-३० म्हटले असेल तर ५डब्ल्यू-३०. जाड ऑइल जास्त दिवस टिकेल म्हणून नव्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणारे अजून भेटतात. महिनाभर उभ्या राहिलेल्या इंजिनाला पहिल्या काही क्षणांत पातळ, चटकन वर चढणारे ऑइल हवे असते, तेव्हा जाड ऑइल नेमके उशिरा पोचते.

शेजाऱ्याच्या मुलाला चावी द्यायचीच असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल, तर त्याला गाडी चालवू द्या. पंधरवड्यातून एकदा डिचोलीहून दोडामार्गपर्यंत जाऊन यावे, किंवा पेडण्याहून हायवेने पत्रादेवी ओलांडून बांद्यापर्यंत. सलग अर्धा-पाऊण तास, एसी थोडा वेळ लावून, ब्रेक दोन-चारदा नीट दाबून. टायर, ब्रेक, बॅटरी, एसीचा कॉम्प्रेसर सगळ्यांनाच ते हवे असते. असा चालवणारा कोणी नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा आणि मालक येईपर्यंत गाडीला हात लावू नका. ताज्या ऑइलमध्ये चार महिने शांत उभी असलेली गाडी दर रविवारी पाच मिनिटे घुरघुरलेल्या गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत राहते.

एक गोष्ट उरते, जळक्या ऑइलची. आपल्याकडे ते मागून घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. दाराच्या चौकटींना, मांडवाच्या वाशांना, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासतात. काही जण तण मरावे म्हणून वाटेवर ओततात. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाचे झिजलेले धातू असतात आणि जळण्यातून आलेली कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे असतात. हातांना ते वारंवार लागणे वाईट, आणि जमिनीत जाणे त्याहून वाईट. आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र. अंगणात ओतलेले ऑइल पहिल्या पावसाबरोबर खाली उतरते, आणि पेडणे-डिचोलीच्या कितीतरी घरांची विहीर अंगणापासून वीस पावलांवर असते. एका गाडीचे जुने ऑइल लाखो लिटर पाणी पिण्यास अयोग्य करू शकते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. केंद्राने २०२३ मध्ये नियमात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले ऑइल पुनर्प्रक्रियेला जाईल याची जबाबदारी टाकली. या प्रक्रियेतून पुन्हा चांगले मूळ तेल निघते, पण त्यात पाणी, कूलंट किंवा रॉकेल मिसळलेले नसले तरच ते काम सोपे होते. घरी ऑइल बदललेत तर ते नव्याच्याच रिकाम्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे माल जातो तिथे नेऊन द्या. गॅरेजमध्ये बदललेत तर तुमचे जुने ऑइल पुढे कुठे जाते ते विचारा.